मुंकच्या चित्रातला सरळ कठडा

एडवर्ड मुंकच्या 1893 सालच्या ‘द स्क्रीम’कडे आपण ‘ओरडणारा माणूस’ म्हणूनच बघत आलो. आम्हाला हे वाचन पटत नाही. त्या आकृतीनं कान झाकलेत. मुंकच्या 1892च्या टिपणानुसार किंकाळी निसर्गातून आली. तो स्वतः भीतीनं थरथरत थांबला आणि सोबतचे दोन मित्र पुढे चालत गेले.

मुंकचं निदान आम्हाला करायचं नाही. पण भर रस्त्यात पॅनिक अटॅक येतो तेव्हा बऱ्याचदा असंच होतं: आत कल्लोळ, बाहेर कुणाला पत्ताच नाही. ओरडण्याची वाट बघाल, तर शेजारचा माणूस दिसणारच नाही.

आता रेषा बघा. आकाश, पाणी, अंग, सगळं वळवळतंय. कठडा तेवढा सरळ. अटॅकमध्ये असंच काहीतरी धरायचं: स्थिर वस्तूवर नजर, पाय जमिनीवर टेकलेले, श्वास सावकाश सोडायचा. लाट काही मिनिटांत शिखर गाठते, मग ओसरते. दरवेळी पळ काढला तर तेवढ्यापुरतं बरं वाटतं, पण त्या जागेची भीती पक्की होते.

चित्राची मर्यादा हीच, की ते शिखरावरच थांबतं. आपल्याला त्यापुढच्या मिनिटापर्यंत पोचायचंय. आणि त्या दोघांपैकी एकानं तरी मागे वळून बघायला हवं.