निर्मळपणाची जाहिरात

ग्रंथाची परीक्षा त्याच्या मलपृष्ठावरील स्तुतीवरून करूं नये, हा टीकाकाराचा पहिला धडा होय. तोच नियम तोंडास लावावयाच्या क्रीमच्या डबीस लावून पाहावा, असें आम्हीं योजिलें. 'क्लीन ब्यूटी' या नांवाखालीं चढ्या किंमतीनें विकलें जाणारें एक मॉइश्चरायझर आम्हीं त्यासाठीं घेतलें. डबीवर प्रतिज्ञा तीन आहेत: त्वचा मऊ राहील, यांत पॅराबेन व पेट्रोलियम जेली नाहीं, आणि म्हणूनच हें निर्मळ आहे.

पहिली प्रतिज्ञा खरी ठरली, हें आधीं सांगणें न्यायाचें होईल. आमच्या घरांतील दोघांनीं चार आठवडे एका गालास हें क्रीम व दुसऱ्यास पेट्रोलियम जेली असलेलें साधें, बिनवासाचें, स्वस्त क्रीम लाविलें. दोन्ही गाल सारखेच मऊ राहिले. दोन चेहऱ्यांवरून सिद्धांत मांडतां येत नाहीं. परंतु यांत नवल कांहींच नाहीं. ग्लिसरीन पाणी धरून ठेवतें आणि तेल, मेण किंवा जेली तें उडून जाऊं देत नाहीं. मॉइश्चरायझरचें रहस्य बहुतांशीं एवढेंच. या डबीवरील यादींतहि पाण्यामागोमाग ग्लिसरीनच आहे. झांकणावर झळकणारें केशर मात्र यादीच्या शेपटाशीं सांपडतें, आणि एक टक्क्याहून अधिक असलेले घटक उतरत्या प्रमाणानें लिहावयाचे असतात, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

दुसरी प्रतिज्ञा अक्षरशः खरी, पण अर्थानें फसवी आहे. १८७२ सालीं चेसब्रो यानें जिचें पेटंट घेतलें ती शुद्ध केलेली पेट्रोलियम जेली त्वचेंतील ओलावा राखण्यांत आजहि अग्रगण्य आहे. पॅराबेनांची भीति २००४ सालच्या एका संशोधनानंतर विशेष पसरली. स्तनांतील गांठींत पॅराबेन आढळले, एवढेंच त्यांत दिसलें. त्यांनीं गांठी झाल्या, असें सिद्ध झालें नव्हतें. युरोपीय संघानें २०१४ सालीं पांच पॅराबेन बंद केले, पण मिथिल व इथिल पॅराबेन ठराविक प्रमाणांत चालूं ठेविले. पाणी असलेल्या क्रीममध्यें जंतु वाढूं नयेत म्हणून कांहींतरी घालावेंच लागतें. पॅराबेन टाळणाऱ्या अनेक कारखानदारांनीं मिथिलआयसोथायाझोलिनोन जवळ केलें. अमेरिकेंतील त्वचारोगतज्ज्ञांच्या एका संस्थेनें त्यालाच २०१३ सालीं 'वर्षाचा ॲलर्जीकारक' ठरविलें; आणि २०१९ सालीं त्याच संस्थेनें पॅराबेनांस ॲलर्जी न करणारे म्हणून गौरविलें! भीतीनें निवडलेला उपाय मूळ वस्तूहून जाचक ठरला.

राहिली तिसरी प्रतिज्ञा. 'क्लीन' या शब्दाची व्याख्या भारताच्या २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांत नाहीं आणि अमेरिकेच्या कायद्यांतहि नाहीं. विक्रेता म्हणेल तोच त्याचा अर्थ! शब्दाला अर्थ नसला तरी त्याचा परिणाम असतो. कारण एकास निर्मळ म्हटलें कीं दुसरें आपोआप मळकें ठरतें. आपल्या लेकरास आपण विष तर लावीत नाहीं ना, या शंकेनें एखादी माउली घरांतील निर्धोक व स्वस्त डबी टाकून देते, आणि तिच्या वात्सल्यावर व्यापार चालतो. आमचा खरा आक्षेप येथें आहे.

तात्पर्य, क्रीम म्हणून ही वस्तु चांगली आहे. ज्यांस तिचा वास आवडेल व किंमत परवडेल त्यांनीं ती खुशाल घ्यावी. परंतु घेतांना झांकण न वाचतां मागील यादी वाचावी, आणि भीतीपोटीं मात्र एक पैसाहि देऊं नये.