वर्ख, बेगड आणि फणसाची फळी

सोनेरी वर्ख लावलेलं एखादं पॅनेल तुम्ही अलीकडे नक्की पाहिलं असेल. कुणाच्या तरी नव्या फ्लॅटच्या हॉलमध्ये, हॉटेलच्या रिसेप्शनमागे, नाहीतर प्रदर्शनातल्या स्टॉलवर. एमडीएफचा तुकडा, त्यावर पांढऱ्या पेस्टचे उठाव, थोडं गोणपाट, चार-सहा आरसे, आपल्याकडे असेल तर दोन शिंपले, आणि सगळ्यात शेवटी इकडेतिकडे सोनेरी वर्खाचे फटकारे. खाली लिहिलेलं असतं ‘मिक्स्ड मीडिया’. बऱ्याचदा पुढे ‘तंजावर स्टाइल’ असंही जोडलेलं असतं, आणि या लेखाचं भांडण त्या दोन शब्दांशी आहे.

आधी एक स्पष्ट करते. हा वर्ख खोटा आहे म्हणून मी नाक मुरडत नाहीये. खोट्या सोन्याला आपल्याकडे फार जुना आणि चांगला शब्द आहे, बेगड. कथलाचा रंगीत चकचकीत पातळ पत्रा. गणपतीच्या मखराला लावायची, ताबुताला लावायची. ‘बेगडी’ हे विशेषण पुढे शिवीसारखं झालं, पण मूळ वस्तूत फसवणूक काहीच नव्हती. मखर दहा दिवसांचं, बेगडही दहा दिवसांची. अकराव्या दिवशी तिने काळं पडायचं की नाही याची कुणाला फिकीर नव्हती. माझी तक्रार वेगळी आहे. आजच्या पॅनेलमध्ये सोनं सगळ्यात शेवटी येतं, आणि ते शेवटी सुचलंय हे लगेच दिसतं.

आता मूळ तंजावरकडे जाऊ. ते आपल्याला दूरचं वाटतं, पण सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून 1855 पर्यंत तिथे भोसल्यांचं राज्य होतं. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी यांनी ते सुरू केलं. दुसरे सरफोजी (राज्यकाळ 1798 ते 1832) यांनी बृहदीश्वराच्या देवळात आपल्या घराण्याचा इतिहास मराठीत कोरून घेतला, 1803 साली. आज ‘तंजावर शैली’ म्हणून आपण जे ओळखतो त्याला याच दरबाराच्या आश्रयाने बहर आला. मात्र लगेच ‘म्हणजे ही आपलीच कला’ असं म्हणायची घाई नको. चित्रं काढणारे हात प्रामुख्याने तेलुगू बोलणाऱ्या राजू आणि नायडू चितारी घराण्यांचे होते. आश्रय मराठी, हात तेलुगू, मुलूख तमिळ. तमिळमध्ये या चित्राला ‘पलगै पडम’ म्हणतात, म्हणजे फळीवरचं चित्र. नावात देव नाही, सोनं नाही, फळी आहे. मला हे नाव फार आवडतं, कारण ती वस्तू खरोखर फळीपासून सुरू होते.

आणि ती फळी परंपरेने फणसाची. कोकणातल्या वाचकाला फणसाचं लाकूड काय असतं हे मी सांगायला नको. फळीवर कापड चिकटवायचं, कापडावर खडूची पूड आणि खळ यांचे थर द्यायचे, घासून गुळगुळीत करायचे. खळ म्हणजे चिंचोक्याची किंवा डिंकाची. मग रेखाटन. मग जिथे सोनं यायचंय तिथे चुनखडीची पूड आणि डिंक यांचा लेप देऊन उठाव तयार करायचा: खांब, कमानी, सिंहासन, मुकुट, दागिने. त्यात काचेचे खडे बसवायचे. त्यावर वर्ख दाबून बसवायचा, म्हणजे तो प्रत्येक खाचेत उतरतो. आणि सगळ्यात शेवटी रंग. शेवटी सोनं नाही, रंग. चेहरा तर अगदी अखेरीस.

(सावंतवाडीचे गंजिफाचे पत्ते पाहिलेत? तिथेही कापड, चिंचोक्याची खळ, खडूचा थर, घासणं, रंग आणि वरून लाख. दोन गावं इतकी लांब, पण पाया जवळजवळ एकच. कोण कुणाकडून शिकलं हा इथला विषय नाही. चिंचोके आणि खडू दोन्हीकडे स्वस्त होते, एवढं कारणही पुरेसं असू शकतं.)

हा क्रम का महत्त्वाचा? इथे थोडं प्रकाशशास्त्र लागेल, घाबरू नका. सपाट, चकचकीत धातूवर प्रकाश पडला की तो बहुतेक सगळा एकाच दिशेने परततो. तुम्ही त्या दिशेत उभे असाल तर डोळे दिपतात, नसाल तर तोच वर्ख तपकिरी, मातकट दिसतो. हॉलमधल्या पॅनेलवरचं सोनं सोफ्यावरून मेलेलं दिसतं ते यामुळेच. आता तोच वर्ख उठावावर बसवा. प्रत्येक गोलाईवर कुठला तरी एक छोटासा भाग असा असतोच, जो प्रकाश नेमका तुमच्या डोळ्यात पाठवतो. तुम्ही एक पाऊल सरकलात की तो बिंदूही सरकतो. समोर समई असेल आणि ज्योत हलत असेल, तर तुम्ही न हलताही सोनं हलतं. ही चित्रं देवघरात, खालून आणि बाजूने येणाऱ्या पिवळ्या उजेडात पाहिली जायची. सोनं निळा प्रकाश शोषतं आणि पिवळा-लाल भरभरून परत पाठवतं. ज्योतीत निळा मुळातच कमी असतो. म्हणजे दिव्याजवळ जे आहे तेच सोनं परत देतं. छतावरच्या थंड पांढऱ्या एलईडीत निळा भरपूर असतो आणि तो वाया जातो.

सोनं निळा का शोषतं, हेही सांगून टाकते, कारण ते सांगायचा मोह मला आवरत नाही. सोन्याच्या अणुकेंद्रात 79 प्रोटॉन असतात. त्यांच्या ओढीने अगदी आतले इलेक्ट्रॉन प्रकाशवेगाच्या सुमारे 58 टक्के वेगाने फिरतात, असा ढोबळ हिशोब येतो. एवढ्या वेगात सापेक्षतेचे परिणाम दिसायला लागतात, इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जापातळ्या सरकतात, आणि चांदीत जे शोषण अतिनील भागात होतं ते सोन्यात सरकून निळ्यात येतं. नाहीतर सोनंही चांदीसारखंच पांढरं दिसलं असतं. म्हणजे मुकुटाचा पिवळेपणा हा आइन्स्टाइनचा आहे.

तर समीक्षा म्हणून माझं मत असं. जुन्या तंजावर पॅनेलमध्ये सोनं हे स्थापत्य आहे. ते मंडप उभा करतं, आणि त्या झगमगाटाच्या मधोमध बाळकृष्णाचा गुबगुबीत देह सपाट, शांत, न चकाकणाऱ्या रंगात बसलेला असतो. डोळा सोन्यावरून फिरून थकतो आणि देहावर येऊन टेकतो. आजच्या पॅनेलमध्ये टेकायला जागाच नसते, कारण सोनं कुठेही असतं. आणि फक्त नवशिक्यांना बोल लावू नये. तंजावरच्या नावाने आज विकली जाणारी कित्येक चित्रंही याच रोगाने पछाडलेली आहेत. सोनं वाढत गेलं, चेहरे छापल्यासारखे झाले. या चित्रांना 2007-08 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते चांगलंच झालं. पण मानांकन गाव सांगतं, चित्र कसं जमलंय ते सांगत नाही. दुकानात विचारलं जातं ते ‘किती कॅरटचं?’ पाडव्याला साखळी घेतल्यासारखं. हिशोबच करा: एक ग्रॅम सोनं 0.1 मायक्रोमीटर जाडीचं पसरलं तर अर्धा चौरस मीटर झाकतं. चित्राचा वर्ख याहून थोडा जाड धरला तरी सोन्याचं वजन हा त्या वस्तूच्या किमतीचा मुख्य भाग असायचं कारण नाही. पैसे द्यायचे ते उठावाला, हाताला, चेहऱ्याला.

रत्नागिरीत बसून वर्खाबद्दल लिहायचं आणि थिबा राजाला वगळायचं, हे बरं दिसणार नाही. मंडालेहून आणून त्याला इथे 1886 पासून 1916 मध्ये तो जाईपर्यंत ठेवलं; आपला थिबा पॅलेस 1910 चा. तो ज्या शहरातून आला तिथे आजही सोनं हातोड्याने ठोकून वर्ख करतात, आणि भाविक तो महामुनी बुद्धाच्या मूर्तीवर चिकटवत राहतात. थरावर थर बसून मूर्तीचं अंग खडबडीत, ओबडधोबड झालंय. चेहरा तेवढा उजळ आहे. तिथे वर्ख ‘दिसण्यासाठी’ नाहीच, तो लावण्याच्या कृतीसाठी आहे. तंजावरचं सोनं पाहण्यासाठी, मंडालेचं वाहण्यासाठी. आपल्या हॉलमधलं कशासाठी, हा प्रश्न मी करणाऱ्यांनाच विचारते आणि बहुतेकदा उत्तर ‘छान दिसतं’ एवढंच येतं.

ते छान किती दिवस दिसेल, हा प्रश्न मात्र माझ्या अभ्यासाचा आहे. हौसेपुरतं असेल तर सोडून द्या. पण आपल्याकडे बऱ्याच ताई, वहिनी ही पॅनेल करून विकतात, आणि दोन पावसाळ्यांनंतर गिऱ्हाईक फोन करतं तेव्हा बोलणी त्यांनाच बसतात. बाजारात ‘गोल्ड लीफ’ म्हणून मिळतो तो स्वस्त वर्ख बहुतेकदा पितळ असतो: पुष्कळसं तांबं, थोडं जस्त. जाडी एका मायक्रोमीटरहूनही कमी. रत्नागिरीच्या हवेत समुद्राचं मीठ असतं. सापेक्ष आर्द्रता साधारण 75 टक्क्यांच्या वर गेली की मिठाचा कण हवेतलं पाणी ओढून स्वतःच खाऱ्या पाण्याचा थेंब होतो, आणि आपल्या पावसाळ्यात तर आर्द्रता त्याच्या खाली फारशी उतरतच नाही. त्या थेंबातला क्लोराइड तांब्याला खायला लागतो. आधी तपकिरी ठिपके, मग काळपट, मग हिरवं. देवळाच्या घंटेलाही हेच होतं, पण घंटेकडे खर्च करायला कित्येक मिलिमीटर धातू असतो. वर्खाकडे काहीच शिल्लक नसतं. त्यात खालचा पांढरा सुतारी गोंद थोडंफार ॲसिटिक आम्ल सोडत असेल, तर दोन्ही बाजूंनी हल्ला.

दुसरा प्रकार प्लॅस्टिकच्या फितीवरून दाबून उतरवायचा ‘फॉइल’. त्यात काही दशक नॅनोमीटर जाडीचं ॲल्युमिनियम असतं आणि त्यावर पिवळ्या रंगाचा पारदर्शक थर. हा हिरवा पडत नाही. पण खिडकीसमोर टांगलात तर उन्हाने पिवळा उडतो आणि एक दिवस तुमचं सोनं चांदी झालेलं असतं. खऱ्या सोन्याला यातलं काहीही होत नाही, पण त्याच्या खालच्या एमडीएफला होतं. दमट हवेत तो कडेने फुगतो, वरचा ठिसूळ लेप तडकतो, आणि खरं असो वा खोटं, सोनं लेपाबरोबर गळतं.

म्हणून विकण्यासाठी करत असाल तर माझं ऐका. वस्तूवर ‘पितळी वर्ख’ असं सरळ लिहा, त्यात कमीपणा नाही. एमडीएफऐवजी चांगला वॉटरप्रूफ प्लाय किंवा मुरलेली फळी घ्या आणि मागची बाजूही सीलबंद करा, नाहीतर लाकूड एकाच अंगाने पाणी पिऊन वाकतं. वर्ख बोटाने धरू नका. घामातही मीठच असतं. पाण्यातलं ॲक्रिलिक वार्निश पितळी वर्खावर थेट मारू नका, कारण त्यातल्या बऱ्याच वार्निशांत अमोनिया असतो आणि अमोनियाचं तांब्याशी पटत नाही, निळसर डाग उठतात. त्याऐवजी स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख, पातळ, दोन-तीन हात. फक्त हे काम जुलैत करू नका. स्पिरिट उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतलं पाणी त्यावर बसतं आणि लाख दुधाळ पडते. दिवाळी झाली की सुरू करा, शिमग्यापर्यंत उरका.