ताल आला, नाव कुठे गेले?

अमेरिकेतील काळ्यांचा उल्लेख दलित साहित्याच्या चर्चेत नवा नाही. डॉ. म. ना. वानखेडे यांनी काळ्यांच्या साहित्याकडे आपले लक्ष वेधले. १९७२ साली मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने तर आपले नावच ब्लॅक पँथरवरून घेतले. काळ्यांचा शब्द आपल्याकडे असा नावानिशी, इतिहासासह आला. त्यांचा ताल मात्र बेवारस आला. १४ एप्रिलला औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, भीमगीताखाली यंत्राचा जो एकसारखा ठोका वाजतो, तो आला कुठून? आपल्या समीक्षेला हा प्रश्न महत्त्वाचा वाटलेला दिसत नाही. मी डीजे म्हणून गाणी लावतो, त्यामुळे मला तो टाळता येत नाही.

प्रत्येक मात्रेवर पडणारा हा ठोका डिस्को संगीतातून आला आणि शिकागोत त्याला नवे रूप मिळाले. तिथे १९७७ साली 'वेअरहाऊस' नावाचा क्लब सुरू झाला. फ्रँकी नकल्स हा काळा डीजे तेथे तबकड्या लावी. नाचायला येणारे बहुसंख्य काळे आणि लॅटिनो होते, त्यांत समलिंगी पुष्कळ होते. म्हणजे रंगाने बहिष्कृत आणि आपल्याच माणसांतही परके. 'हाऊस' हे नाव या क्लबच्या नावावरून पडले असे मानतात. १२ जुलै १९७९ रोजी त्याच शहरातील बेसबॉलच्या मैदानावर डिस्कोच्या तबकड्यांचा ढीग स्फोटकांनी उडवण्यात आला. वरकरणी तो आवडीनिवडीचा वाद होता. पण त्या ढिगात काळ्या गायकांच्या डिस्कोशी संबंध नसलेल्या तबकड्याही होत्या, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे. कोणाची कला जाळण्याजोगी ठरते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

या परंपरेतला लॅरी हर्ड हा मला सर्वांत जवळचा वाटतो. आधी बँडमध्ये ड्रम वाजवणाऱ्या या तरुणाने १९८६ साली 'मिस्टर फिंगर्स' या नावाने 'कॅन यू फील इट' ही रचना काढली. ठोका तोच, पण दबलेला. त्यावर लांबवलेले मऊ स्वर आणि खाली संथ फिरणारा खर्ज. यालाच पुढे डीप हाऊस म्हणू लागले. या रचनेच्या पुढे निघालेल्या एका आवृत्तीत मार्टिन ल्यूथर किंग यांचे १९६३ सालचे वॉशिंग्टनचे भाषण आहे. माणूस त्यावर नाचू शकतो आणि भाषणाचा शब्दन्‌शब्द त्याला ऐकूही येतो. माझ्या मते या संगीताचे खरे सामर्थ्य येथे आहे.

आता आपल्या मिरवणुकीकडे पाहू. डीजे म्हटले की नाक मुरडणाऱ्या शिष्टांच्या बाजूचा मी नाही. ज्यांना आमच्या हलगीचाही गोंगाट वाटत होता, त्यांना आमचा ठोका गोड वाटावा अशी माझी अपेक्षा नाही. माझा आक्षेप आतून आहे. भीमराव कर्डकांच्या जलशापासून वामनदादा कर्डकांपर्यंत आपली गाणी शब्दासाठी जन्माला आली. निरक्षर माणसाला बाबासाहेबांचा विचार पोचवणे हे त्यांचे काम होते. आज छाती हादरवणाऱ्या खर्जाखाली पहिला बळी जातो तो याच शब्दाचा. दुसरा बळी नावाचा. रीमिक्सवर डीजेचे नाव ठळक असते, पण गीत कोणाचे आणि गायक कोण, याचा पत्ता नसतो.

नाव पुसले की हक्कही पुसला जातो. लॅरी हर्ड आणि गायक रॉबर्ट ओवेन्स यांना मानधनासाठी आणि हक्कांसाठी ट्रॅक्स या तबकडी कंपनीविरुद्ध २०२० साली न्यायालयात जावे लागले. २०२२ साली तडजोड होऊन त्यांच्या रचनांचे हक्क त्यांच्याकडे परत आले. गाणे निघाल्यापासून हक्क मिळेपर्यंत तीन तपे उलटली होती. आपल्या शाहिरांच्या वारसांचा असा हिशोब कोण मागणार?

नवे संगीत शोधणे म्हणजे यादीतले ताजे गाणे इतरांच्या आधी उचलणे, असे आपल्या तरुण डीजेंना वाटते. मी शोध वेगळ्या रीतीने घेतो. एक रचना आवडली की ती कोणी रचली, कोणत्या साली, कोणत्या कंपनीकडून निघाली, त्या माणसाने आधी कोणाबरोबर वाजवले, हे पाहायचे. एक नाव दुसऱ्या नावाकडे नेते. हीच रीत भीमगीतांना लावली पाहिजे. आपली पुष्कळ गाणी केरव्यात आहेत; आठ मात्रांचा केरवा हाऊसच्या चार ठोक्यांच्या मोजणीत सहज बसतो. ठोका थोडा खाली आणा, खर्ज कमी करा, मधली जागा मोकळी सोडा. गाणे नाचवेल आणि बोलेलही.

मंडळाच्या कार्यकर्त्यांनी सुपारी देताना एवढी एकच अट घालावी: गाण्याआधी कवीचे व गायकाचे नाव पुकारले गेले पाहिजे. आणि नागसेनवनातल्या प्राध्यापकांनी काळ्यांची कविता शिकवताना त्यांची एखादी तबकडीही वर्गात वाजवावी. ज्यांच्या वेदनेशी आपण नाते सांगतो, त्यांच्या आनंदाशी अनोळखी राहणे आपल्याला शोभत नाही.