मुखवट्याखालची जखम

'वॉचमेन' ही अमेरिकन दूरचित्रवाणी मालिका २० ऑक्टोबर ते १५ डिसेंबर २०१९ या काळात एच.बी.ओ. वाहिनीवरून ९ भागांत दाखवली गेली. २०२० साली तिला ११ एमी पारितोषिके मिळाली. मालिका संपली, पण तिच्या चाहत्यांमधला वाद संपला नाही. अमुक पात्र असे वागेल काय? तमुक पात्राचा शेवट लेखकाने असा का केला? मूळ चित्रकथेशी ही बेइमानी नव्हे काय? असे ते प्रश्न होते. वरवर पाहता हा करमणुकीच्या जगातला वाद आहे. सुपरहिरोंच्या गोष्टींवर भांडणाऱ्या मंडळींकडे आपण कशाला लक्ष द्यावे, असे आपल्या काही कार्यकर्त्यांना वाटेल. मला तसे वाटत नाही. मी ही मालिका पाहिली आणि तिच्यावरचे वादही समजून घेतले. माझे म्हणणे असे की हा वाद पात्रांच्या सुसंगतीचा दिसत असला तरी त्याच्या मुळाशी इतिहास कोणी लिहायचा हा सवाल आहे. आणि हा सवाल आपल्याला परका नाही. १९७२ साली मुंबईत ज्यांनी दलित पँथर उभी केली त्यांनी आपले नाव अमेरिकेतल्या काळ्यांच्या लढ्यातून घेतले होते, हे या पानांच्या वाचकांना सांगायची गरज नाही.

प्रथम मूळ कलाकृती. ॲलन मूर यांनी लिहिलेली आणि डेव्ह गिबन्स यांनी रेखाटलेली 'वॉचमेन' ही चित्रकथा १९८६-८७ साली १२ अंकांत प्रसिद्ध झाली. मुखवटा घालून कायदा हातात घेणारी माणसे प्रत्यक्षात कशी असतील, हा तिचा विषय. तिच्यात 'हूडेड जस्टिस' नावाचे एक दुय्यम पात्र आहे. डोक्यावर बुरखा, गळ्यात फाशीचा दोर. मुखवट्यांच्या या सबंध परंपरेतला हा पहिला माणूस, पण तो कोण होता हे शेवटपर्यंत कळत नाही. तो सर्कशीतला एक जर्मन पहिलवान असावा, असा संशय दुसरे एक पात्र आपल्या आत्मवृत्तात व्यक्त करते, एवढेच.

डेमन लिंडेलॉफ आणि त्यांच्या सहलेखकांनी २०१९ साली नेमके हेच पात्र उचलले आणि सांगितले की त्या बुरख्याखाली काळा माणूस होता. त्याचे नाव विल रीव्ह्ज. कॉर्ड जेफरसन आणि लिंडेलॉफ यांनी लिहिलेल्या सहाव्या भागात हे रहस्य उघड होते. चाहत्यांची भांडणे सर्वांत जास्त पेटली ती इथेच.

आक्षेप घेणाऱ्यांचा मुद्दा असा : चित्रकथेत बुरख्याच्या छिद्रांतून डोळ्यांभोवतीची कातडी गोरी दिसते. शिवाय याच माणसाने हिटलरच्या राजवटीबद्दल उघड पसंती दाखवली होती, असे त्या आत्मवृत्तात नमूद आहे. मग तो काळा कसा? लेखकांनी आजच्या राजकारणासाठी जुने पात्र मोडले, असा आरोप झाला.

या आरोपाचे उत्तर मालिकेतच आहे, पण ते समजण्यासाठी टल्सा समजून घेतले पाहिजे. ओक्लाहोमा राज्यातील टल्सा शहरात ग्रीनवूड नावाची काळ्यांची वस्ती होती. दुकाने, दवाखाने, नाट्यगृहे, वर्तमानपत्रे अशी स्वतःच्या पायावर उभी राहिलेली वस्ती. ३१ मे आणि १ जून १९२१ या दोन दिवसांत गोऱ्या जमावाने तिचे सुमारे ३५ चौक जाळून टाकले. निमित्त काय, तर एका काळ्या तरुणाने लिफ्टमध्ये गोऱ्या मुलीवर हात टाकल्याची वदंता. सरकारी आकडा ३६ मृतांचा होता. पुढे अभ्यासकांचा अंदाज ३०० पर्यंत गेला. त्या वेळच्या ग्रँड ज्युरीने दोष काळ्यांच्याच माथी मारला. विम्याचे दावे फेटाळले गेले. त्यानंतर कित्येक दशके शाळेच्या पुस्तकांत या घटनेबद्दल एक ओळ नव्हती. राज्याने नेमलेल्या आयोगाचा अहवाल यायला २००१ साल उजाडले. वाचलेल्या वृद्धांनी भरपाईसाठी लावलेला दावा ओक्लाहोमाच्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०२४ मध्ये काढून टाकला.

मालिका सुरू होते ती या आगीतून. एक लहान मुलगा नाट्यगृहात मूकपट पाहत बसला आहे. पडद्यावर काळा मार्शल एका दुष्ट गोऱ्या शेरीफला पकडतो आणि कायद्यावर विश्वास ठेवा असे लोकांना सांगतो. बाहेर कायदा जळतो आहे. हा मुलगा म्हणजेच विल. अमेरिकेतल्या असंख्य प्रेक्षकांनी टल्साची हकिगत प्रथम पाहिली ती या सुपरहिरोच्या मालिकेत. शाळेने जे शिकवले नाही ते करमणुकीने शिकवले. ही त्या मालिकेची थोरवी की त्या शाळेची लाज, हे ज्याने त्याने ठरवावे.

आता त्या मुलाचा पुढचा प्रवास पाहू. विल मोठा होतो आणि १९३८ साली न्यूयॉर्कच्या पोलीस दलात भरती होतो. ज्यू माणसाचे दुकान पेटवणाऱ्या एका गोऱ्याला तो पकडतो; त्याचेच सहकारी त्या गोऱ्याला सोडून देतात. विल गप्प बसत नाही. तेव्हा हे सहकारी त्याच्या डोक्यावर बुरखा चढवतात, झाडाला टांगतात आणि जीव जायच्या आत दोर कापतात. पुन्हा आमच्या भानगडीत पडू नकोस, ही ताकीद. गळ्यात तोच दोर घेऊन तो घरी निघतो. वाटेत एका जोडप्यावर गुंड हल्ला करताना दिसतात. तो तोच बुरखा चढवतो आणि त्यांच्यावर तुटून पडतो. वर्तमानपत्रे त्याला डोक्यावर घेतात. मग त्याची बायको जून त्याला सांगते की ही वाहवा टिकवायची असेल तर बुरख्याखाली आपल्यातलाच कोणी आहे असे लोकांना वाटले पाहिजे. म्हणून तो डोळ्यांभोवती पांढरा रंग लावतो.

चित्रकथेत दिसणारी गोरी कातडी ती ही. लेखकांनी पात्र मोडलेले नाही. जुन्या लेखनात जे होते ते सगळे जसेच्या तसे ठेवून त्याला कारण दिले आहे. मूळ चित्रकथेत बुरखा आणि दोर हे एका विक्षिप्त माणसाचे सोंग होते. अमेरिकेच्या इतिहासात गळ्यातला दोर कोणाच्या वाट्याला आला, हा प्रश्न १९८६ साली फारशा कोणाला पडला नव्हता. तो २०१९ साली विचारला गेला. ज्याच्या गळ्यात दोर पडला त्यानेच तो दोर आपले चिन्ह केले, हे कळल्यावर ते जुने चित्र पहिल्यासारखे दिसत नाही. समीक्षेत याला पात्राचा विकास म्हणतील. मी याला वेदनेची मालकी परत घेणे म्हणतो.

आणि हिटलरबद्दलची ती पसंती? ती लिहिली कोणी? एका गोऱ्या माजी सहकाऱ्याने, आपल्या आठवणींत. ज्याला त्या माणसाचा चेहराही ठाऊक नव्हता त्याच्या साक्षीला चाहते अंतिम पुरावा मानतात, यातच सगळे आले. मालिकेने या वृत्तीवर बोट ठेवले आहे. मालिकेच्या आत आणखी एक लोकप्रिय मालिका चालू असलेली दाखवली आहे. तिच्यात हूडेड जस्टिसचे काम गोरा नट करतो आणि बुरखा काढल्यावर गोराच चेहरा दिसतो. सारा देश ती पाहतो आणि तेच खरे मानतो. खरा विल रीव्ह्ज शंभरी ओलांडून चाकांच्या खुर्चीत बसलेला आहे. लढला एक आणि पोवाडा दुसऱ्याचा, हे कोणाला सांगावे?

इथे मला बाबूराव बागुलांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' या कथेची आठवण होते. १९६३ सालच्या संग्रहातली ही कथा. रेल्वेच्या नोकरीसाठी परमुलखात गेलेला तरुण जात सांगत नाही. ती उघड होते आणि तो मार खातो. 'चोरली' हा शब्द मला नेहमी अस्वस्थ करतो. स्वतःचीच जात, ती चोरणार कशी? पण समाजाचा आरोप चोरीचाच असतो. विल रीव्ह्जने आपला वर्ण असाच चोरला. बागुलांच्या नायकाला त्याची शिक्षा मिळाली. विलला टाळ्या मिळाल्या, पण त्या अस्तित्वातच नसलेल्या एका गोऱ्या माणसाला मिळाल्या. गोऱ्या मुखवटेधाऱ्यांच्या संघटनेत त्याला घेणारा पुढारी, जो त्याचा प्रियकरही होतो, त्याला बजावतो की बाकीच्यांना वर्ण कळू देऊ नकोस. पुढे हार्लेममधल्या काळ्यांना एकमेकांच्या जिवावर उठवण्याचा क्लॅनवाल्यांचा कट विलला सापडतो, आणि तो याच माणसाकडे मदत मागतो. तो अंग काढून घेतो. संघटनेला त्याचे बाहुबळ हवे होते, त्याचा प्रश्न नको होता. आपल्यातल्या किती कार्यकर्त्यांनी हा अनुभव घेतला आहे!

विलच्या घराचे काय होते तेही पाहण्यासारखे आहे. लहान मुलगा बापाची नक्कल म्हणून तोंडाला पांढरा रंग फासतो. बाप तो रंग इतक्या त्वेषाने पुसतो की जून मुलाला घेऊन निघून जाते. बुरख्याने राग निवला नाही, तो पोसला. पुढे म्हातारा विल आपल्या नातीला सांगतो की मुखवट्याखाली जखम भरत नाही, तिला हवा लागते. काही चाहत्यांना हा उपदेश पुस्तकी वाटला. मला तो मालिकेचा गाभा वाटतो, कारण त्याची किंमत आपण सहाव्या भागात डोळ्यांनी पाहिलेली असते.

इथवर मी मालिकेच्या बाजूचा आहे. पण ज्या मापाने विलला मोजले त्याच मापाने बाकीच्या पात्रांना मोजले तर मालिका उणी पडते. चाहत्यांचे या बाबतीतले आक्षेप मला रास्त वाटतात.

पहिला आक्षेप पोलिसांचा. विलची नात अँजेला एबार ही मालिकेची नायिका. रेजिना किंग यांनी ती ताकदीने उभी केली आहे. ती पोलीस आहे. गोऱ्या वंशवाद्यांनी पोलिसांच्या घरांवर हल्ले केल्यामुळे टल्साचे पोलीस चेहरा झाकून काम करतात. अँजेला संशयिताला गाडीच्या डिकीत कोंबते, रक्त निघेपर्यंत मारते. संशयित वंशवादी आहे म्हणून प्रेक्षक टाळ्या वाजवतो. पण चेहरा नसलेल्या पोलिसाच्या हातचा मार उद्या कोणाला बसेल? पोलीसप्रमुखाच्या कपाटात क्लॅनचा झगा सापडतो, तेव्हा हा प्रश्न ऐरणीवर येतो. नंतर कटाची गुंतागुंत वाढते आणि प्रश्न बाजूला पडतो. २५ मे २०२० रोजी मिनियापोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉइड यांचा पोलिसाच्या गुडघ्याखाली जीव गेला. त्यानंतर अनेकांनी ही मालिका पुन्हा पाहिली आणि हीच उणीव त्यांना टोचली. झगा एका प्रमुखाच्या कपाटात नसतो, तो व्यवस्थेच्या कपाटात असतो. लेखकांनी कपाट उघडले आणि पुन्हा लोटून घेतले.

दुसरा आक्षेप लेडी ट्रियूचा. मालिकेच्या कल्पित जगात अमेरिकेने व्हिएतनाम जिंकून आपले ५१वे राज्य केले आहे. त्या भूमीतली ही बुद्धिमान स्त्री, तिसऱ्या शतकातील व्हिएतनामी वीरांगनेचे नाव धारण करणारी. तिला जगाचे दुःख संपवण्यासाठी ईश्वरी सामर्थ्य हवे आहे. शेवटच्या भागात तिला अहंकारी ठरवून मारले जाते, आणि मारतो कोण? तिचा गोरा बाप, ज्याने पूर्वी लाखो माणसे मारली आहेत. टल्साच्या मुलाला लेखकांनी पूर्ण इतिहास दिला. व्हिएतनामच्या मुलीला फक्त महत्त्वाकांक्षा दिली. एकाची वेदना कारण ठरली, दुसरीची विकृती. पीडितांमध्येही पायऱ्या लावण्याची ही रीत आपण चांगली ओळखतो. श्रेणीबद्ध विषमता म्हणजे काय ते आपल्याला शिकवावे लागत नाही.

तिसरा आक्षेप शेवटाचा. सर्वशक्तिमान डॉक्टर मॅनहॅटन हा मुळात गोरा शास्त्रज्ञ. अँजेलाच्या प्रेमाखातर तो एका मृत काळ्या माणसाचे रूप घेतो आणि विस्मृतीत तिचा नवरा म्हणून राहतो. तो मरतो तेव्हा म्हातारा विल म्हणतो की माणूस भला होता, पण त्याच्या अंगी जे होते ते पाहता त्याने याहून अधिक करायला हवे होते. देवावरचा इतका सभ्य आणि इतका कठोर शेरा मी क्वचितच ऐकला आहे. पण लगेच अँजेला त्याने मागे ठेवलेले अंडे खाते. पोहण्याच्या तलावाच्या पाण्यावर तिचे पाऊल टेकते न टेकते तोच पडदा पडतो. तिला सामर्थ्य मिळाले की नाही, यावर चाहते रात्रंदिवस भांडले. माझ्या मते भांडण चुकीच्या जागी आहे. मिळाले तरी काय बदलते? देव गेला, देवी आली. ग्रीनवूडच्या लोकांच्या हातात काय पडले?

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत इशारा दिला होता की राजकारणातली भक्ती अधःपाताकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते. सुपरहिरोची सारी कल्पनाच या भक्तीवर उभी आहे. मूर यांच्या चित्रकथेने या भक्तीला सुरुंग लावला होता. मालिकेने सहाव्या भागात तो सुरुंग आणखी खोल नेला आणि नवव्या भागात त्यावरच एक नवे देऊळ बांधले.

तरीही ही मालिका आपल्या विद्यार्थ्यांनी पाहावी, आणि शिक्षकांनी वर्गात तिच्यावर वाद घडवावा. पात्र सुसंगत आहे की नाही एवढ्यावर थांबू नये. या पात्राची वेदना कुठून आली, तिचा इतिहास लेखकाने सांगितला की गाळला, आणि शेवटी सत्ता कोणाच्या हाती गेली, हे तीन प्रश्न प्रत्येक पात्राला विचारावेत. विल रीव्ह्ज या तीनपैकी दोन प्रश्नांना पुरून उरतो. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर एकट्या नायकाच्या गोष्टीत नसतेच. ते वस्तीच्या गोष्टीत असते, आणि वस्तीची गोष्ट लिहायची अजून बाकी आहे.