'हायवे' आणि चालत्या गाडीतला कॅमेरा

सिनॉप्सिस लिहिताना आपल्या विज्ञान शाखेत एक खोड सर्रास दिसते. प्रश्न ठरायच्या आधीच 'उपकरणे' या मथळ्याखाली एक्सआरडी, एसईएम, यूव्ही-व्हिजिबल ही मंडळी येऊन बसतात. का? तर ती विभागात आहेत म्हणून. या खोडीवर सरळ उपदेश करण्यापेक्षा आज एका मराठी सिनेमाबद्दल लिहिते, कारण उपकरण निवडण्याचा प्रश्न त्यात डोळ्यांना दिसतो.

उमेश कुलकर्णी यांचा 'हायवे : एक सेल्फी आरपार' २०१५ च्या ऑगस्टमध्ये आला. लेखन गिरीश कुलकर्णी यांचं, छायाचित्रण सुधाकर रेड्डी यक्कंटी यांचं. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरून निघालेल्या निरनिराळ्या गाड्या आणि त्यात बसलेली, एकमेकांना अनोळखी अशी माणसं, एवढाच ऐवज. रस्ता सुमारे ९४.५ किलोमीटरचा, आणि सिनेमाचा बराच वेळ आपण गाडीतच. आता विचार करा, दिग्दर्शकाच्या जागी तुम्ही असता तर कॅमेरा कुठे बसवला असता?

जागा तीनच. गाडीच्या आत, गाडीच्या अंगावर म्हणजे बॉनेट किंवा दारावर, नाहीतर सोबत धावणाऱ्या दुसऱ्या वाहनावर. भौतिकशास्त्राच्या भाषेत ही संदर्भचौकटीची निवड आहे. आतल्या कॅमेऱ्याला माणूस स्थिर दिसतो आणि जग पळतं. सोबतच्या वाहनावरून पाहिलं तर गाडी ही एक वस्तू होते, माणूस काचेमागचा ठिपका. 'हायवे'ला गाडीशी कर्तव्य नाही, गाडीत कोंडलेल्या माणसाशी आहे. त्यामुळे तो बहुतेक वेळ आत, चेहऱ्यांजवळ राहतो, आणि माझ्या मते त्याची सगळ्यात मोठी जमेची बाजू हीच.

पण आत बसण्याची किंमत असते. जागा कमी, त्यामुळे चेहरा आणि लेन्स यांत कधी हातभरसुद्धा अंतर नाही. वाइड लेन्स लावली की जवळचं नाक मोठं दिसतं. लांब पल्ल्याची लावली तर हादरे मोठे होतात. हिशोब सोपा आहे. चित्राची रुंदी १९२० पिक्सेल धरा. लेन्स ६० अंशांचा टप्पा पाहत असेल तर एका अंशाला ३२ पिक्सेल. खड्ड्यामुळे कॅमेरा ०.१ अंश हलला तर चित्र ३ पिक्सेल सरकतं, कुणाच्या लक्षातही येत नाही. तोच हादरा १० अंशांच्या लेन्सला १९ पिक्सेलचा. ते मात्र डोळ्याला खुपतं.

अब्बास किआरोस्तामींनी 'टेन' (२००२) मध्ये हा पेच दुसऱ्या बाजूने सोडवला. डॅशबोर्डवर दोन छोटे डिजिटल कॅमेरे, एक चालक स्त्रीकडे, एक शेजारच्या सीटकडे. संपलं. उलट 'लॉक' (२०१३) मध्ये टॉम हार्डीची गाडी ट्रेलरवर चढवून ओढत नेली होती, म्हणजे नटाला फक्त अभिनय करायचा होता. दोन्ही सिनेमे जवळपास पूर्ण गाडीत घडतात, तरी रिग वेगळी. किआरोस्तामींना दिग्दर्शकाची सावलीसुद्धा गाडीत नको होती. 'लॉक'ला एकाच माणसाचा चेहरा रात्रभर अनेक कोनांतून हवा होता. (चालकाच्या सीटवरचा नट बोलताना शेजाऱ्याकडे चार-चार सेकंद बघत राहिला, तर ओळखा की गाडी तो चालवत नाहीये. माझी ही सवय घरच्यांना आवडत नाही.)

आता आपल्याकडे येऊ. अहिराणी गाण्यांच्या व्हिडिओंत गाडी हमखास असते, आणि अनेकदा ती एरंडोल-पारोळ्याच्या बाजूच्या हायवेवर पळत असल्यासारखी दिसते. त्यात मला दोन गोष्टी खटकतात. पहिली, वेग जाणवत नाही. भर उन्हात कॅमेरा 'ऑटो'वर सोडला की शटर सेकंदाच्या दोन हजाराव्या भागापर्यंत जातं. ताशी ६० किलोमीटरला तेवढ्या वेळात कडेचं निंबाचं झाड जेमतेम ८ मिलिमीटर सरकतं, म्हणून प्रत्येक चित्र खणखणीत आणि हालचाल मात्र झटक्याझटक्याची. शटर १/४८ ठेवलं तर तेच झाड ३५ सेंटिमीटर सरकतं, पुसट होतं आणि डोळ्याला वेग मिळतो. त्यासाठी लागतो प्रकाश कमी करणारा एनडी फिल्टर, महागडी रिग नव्हे.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर. दुचाकीवर उलटं बसून पळत्या गाडीचं शूटिंग करायचं आणि त्याला 'जुगाड' म्हणायचं. त्यासाठी मालेगावचा दाखला देतात. नासिर शेख यांनी 'मालेगाव के शोले' करताना सायकलचा ट्रॉलीसारखा आणि बैलगाडीचा क्रेनसारखा वापर केला, हे खरंच. पण सायकलचा वेग ताशी ८ धरला आणि हायवेवरचा ८०, तर त्याच वस्तुमानाची गतिज ऊर्जा शंभरपट होते. मालेगावची सायकल तिच्या कामाला नेमकी होती. तीच युक्ती हायवेवर नेली तर ती युक्ती राहत नाही.

बॉनेटवरच्या सक्शन कपचंही तेच. १५ सेंटिमीटर व्यासाच्या कपावर वातावरणाचा दाब कागदावर सुमारे १,८०० न्यूटन. ताशी १०० ला वाऱ्याचा रेटा मध्यम कॅमेऱ्यावर वीस-पंचवीस न्यूटन. मग काळजी कशाची? चार किलोच्या कॅमेऱ्याला खड्ड्यात ५ जीचा धक्का बसला की २०० न्यूटन होतात, आणि तेही पुढे काढलेल्या दांडीच्या टोकावर, म्हणजे कप उचकटण्याच्या दिशेने. त्यात जळगावचा मे महिना, तापलेला पत्रा, नरम पडलेलं रबर आणि कपाच्या कडेखाली धूळ. कागदावरचे १,८०० कधी गळून गेले ते कळत नाही. म्हणून सेफ्टीचा पट्टा वेगळा बांधायचा, आणि चालकाच्या नजरेसमोर काही येता कामा नये. मागून येणाऱ्या मोटरसायकलवाल्याने आपल्या सिनेमात काम करायचं कबूल केलेलं नसतं.

'हायवे' मला सगळाच पटतो असं नाही. पात्रं फार आहेत. एका गाडीत नीट बसतोय तोच दुसरीत जावं लागतं. पण पुढे वाहतूक तुंबते तेव्हा आतल्या कॅमेऱ्याचं गणित खरं कळतं. इतका वेळ खिडकीबाहेर जग पळत होतं आणि माणूस स्थिर वाटत होता. आता बाहेरचं थांबतं, आणि त्याच सीटवर, तेवढ्याच अंतरावरून पाहिलेला तोच माणूस चुळबुळताना दिसू लागतो. सोबतच्या गाडीवरून शूट केलं असतं, तर आपल्याला फक्त गाड्यांची रांग दिसली असती.