पोत, लय आणि तेरची मूर्ती

मुरुममध्ये ‘पोत’ हा शब्द लहानपणी मला तीन ठिकाणी भेटला. आजीच्या गळ्यातली काळ्या मण्यांची पोत, नवरात्रात तुळजाभवानीच्या नावाने पेटवतात तो तेलात भिजवलेल्या चिंध्यांचा पोत, आणि बाजारात सोलापुरी चादर घेताना दोन बोटांत चोळून पाहायचा तो कापडाचा पोत. त्यामुळे द. ग. गोडसे यांचे १९६३ सालचे ‘पोत’ वाचनालयात दिसले तेव्हा ते देवीवरचे असेल असे समजून मी घरी आणले. आईने चार पाने चाळली आणि ‘तुझं तू वाच’ म्हणून परत दिले.

तेव्हा माझा एम.ए.चा लघुप्रबंध मर्ढेकरांच्या लयविचारावर चालला होता. संवाद, विरोध आणि समतोल या तीन लयतत्त्वांवर चाळीस पाने झाली होती. मार्गदर्शक बाईंनी समासात एवढेच लिहिले: ‘यात एकही चित्र नाही.’ खरेच नव्हते. मूळ चित्र मी पाहिलेच नव्हते. पाहिली ती पाठ्यपुस्तकातली, टपालतिकिटाएवढी, रंग सांडलेली. १९३७ मध्ये ‘आर्ट्स अँड मॅन’ प्रसिद्ध झाले तेव्हा मर्ढेकरांच्या पाठीशी इंग्लंडमधला मुक्काम होता. माझ्या पाठीशी उमरग्याची एसटी.

ही उणीव माझी एकटीची नसावी. मराठीत कलाविचार बराचसा साहित्याच्या वर्गात वाढला. मर्ढेकर कवी, ‘सौंदर्यमीमांसा’ लिहिणारे रा. भा. पाटणकर इंग्रजीचे प्राध्यापक. त्यामुळे विचार काटेकोर झाला, हे मान्यच. पण वस्तू न पाहताही विद्यार्थ्याला त्यात उत्तीर्ण होता येते, हेही त्यातूनच आले.

चित्र नाही तर नाही, जिल्ह्यात जे आहे ते पाहावे म्हणून मी तेरला गेले. प्राचीन तगर ते हेच. रामलिंगप्पा लामतुरे यांनी जमवलेल्या वस्तूंच्या संग्रहालयात सातवाहनकाळातल्या मातीच्या लहान लहान मूर्ती आहेत. केओलिन या पांढऱ्या मातीच्या मूर्ती दोन साच्यांत पुढची आणि मागची बाजू वेगळी काढून जोडलेल्या, आतून पोकळ. मी वही उघडून मर्ढेकर लावून पाहिले. चेहऱ्याची गोलाई आणि दागिन्यांची गोलाई यांत संवाद, गुळगुळीत गाल आणि खरबरीत केशरचना यांत विरोध. जमत होते. मग नजर कडेच्या सांध्यावर गेली आणि अडले. तो सांधा कोणत्याच लयीत बसेना. लयीच्या हिशेबात तो दोष. करणाऱ्याच्या हिशेबात तीच मूर्तीची जन्मखूण, आणि त्याच साच्यातून आणखीही मूर्ती निघाल्या असतील याची ग्वाही.

तेरच्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीने अडचण आणखी वाढवली. तिचा अभ्यास मी छायाचित्रातून केला. १९३८ मध्ये पॉम्पेईत सापडलेल्या, जेमतेम २५ सेंटिमीटर उंचीच्या भारतीय मूर्तीशी तिची तुलना नेहमी होते. भोकरदनलाही अशा मूर्तीचा भाग मिळाला आहे, त्यामुळे पॉम्पेईची मूर्ती दख्खनमधूनच गेली असावी असे मानणारे अभ्यासक आहेत. (तरी ओळख करून देताना आपलीला ‘पॉम्पेईसारखी’ म्हणायचे, हे मला खटकते.) पॉम्पेईची मूर्ती आरशाची मूठ किंवा छोट्या फर्निचरचा पाय असावी, अशी मते आहेत. मर्ढेकरांच्या सिद्धांतात उपयोगाला सौंदर्यनिर्णयात जागा नाही. पण आरशाची मूठ असेल तर तिची कंबर कुठे किती निमुळती, हे धरणाऱ्या हातानेही ठरवलेले असणार. पाटणकर इथे जास्त उपयोगी पडतात. कलेच्या लौकिक आणि अलौकिक अशा दोन्ही टोकांना ते एकाच ग्रंथात जागा देतात, एकाला खोटे पाडायची घाई करत नाहीत.

आणि गोडसे? पोत हा चादर घेणाऱ्याचा शब्द त्यांनी कलाविचारात आणला, याचे मोल मला तेरला कळले. सांधा, खरबरीतपणा, झीज यांविषयी बोलायला तो शब्द लागतो. मात्र पोताची कल्पना महाराष्ट्राच्या भूमीशी घट्ट बांधली की काळा कातळ आपोआप आदर्श ठरतो. तेरचे त्रिविक्रम मंदिर विटांचे आहे. हस्तिदंत तर धाराशिवच्या रानातला नव्हेच. बाहेरून आलेल्या मालावर इथल्या हाताने काम केले असेल, तर तो पोत कोणाचा म्हणायचा? मातीचा की हाताचा? मी हाताचा म्हणेन. प्रभाकर बरवे विणकर सेवा केंद्रात नोकरीला होते, हे ‘कोरा कॅनव्हास’ वाचताना माझ्या मनातून जात नाही, ते याच कारणाने.

तेर गोरा कुंभारांचे गाव. संत जमले असता त्यांनी थापटण्याने एकेकाचे डोके ठोकून पाहिले आणि नामदेवांचे मडके कच्चे ठरवले, ही कथा आपल्याकडे समीक्षेची म्हणून कोणी वाचत नाही. थापटणे हे मुळात ओल्या मडक्याला आकार देण्याचे हत्यार. कथेत तेच पारखण्याचे होते. घडवायचे आणि पारखायचे हत्यार एकच. माझ्या हातात असे कुठलेच हत्यार नाही, म्हणून परतल्यावर आळीतल्या कुंभारकाकांकडे आठवडाभर जाऊन बसले. दोन साच्यांचा सांधा बुजवायला काय करतात, असे विचारल्यावर ते म्हणाले, ‘ओलं फडकं. पण पाठीकडनं कोण बघतंय?’

मूर्तींची पाठ मी पाहिलेली नाही. काचेपलीकडून ती दिसली नाही. लघुप्रबंधात तेवढी जागा रिकामी ठेवली आहे आणि पाठ पाहू द्यावी असा अर्ज लिहिला आहे.