मधलं चाक खोटं आहे: लेगोच्या ‘एमरल्ड नाइट’बद्दल

मॉडेल म्हणजे काय, असं पेटच्या मुलाखतीला विचारलं की आपण सगळे ‘वास्तवाचं सोपं रूप’ असं घोकलेलं उत्तर देतो. मीही दिलं होतं. सोपं करताना नेमकं काय सोडलं, हे मला कुणी विचारलं नाही आणि मीही स्वतःला विचारलं नाही. ते विचारायची वेळ आली ती एका खेळण्यामुळे.

लॅबमधल्या एका सीनियरकडे लेगोचा जुना संच आहे, ‘एमरल्ड नाइट’. 2009 सालचा, 1085 तुकड्यांचा. हिरवंगार वाफेचं इंजिन, मागे टेंडर आणि एक डबा. ‘फ्लाइंग स्कॉट्समन’च्या घराण्यातल्या ब्रिटिश इंजिनांवर बेतलेलं आहे हे बघताक्षणी कळतं. दिवाळीच्या सुट्टीत मी ते सगळं सुटं करून पुन्हा जोडलं. (त्या आठवड्यात माझं चॅप्टर तीन लिहून व्हायला हवं होतं.)

आधी थोडं गणित. लेगोत सगळं 8 मिलिमीटरच्या जाळीवर बसतं, कारण दोन गुंड्यांमधलं अंतर तेवढं असतं. रुळांमधलं अंतर सुमारे साडेसदतीस मिलिमीटर. खरं स्टँडर्ड गेज 1435 मिलिमीटर. म्हणजे रूळ साधारण 1:38 प्रमाणात. आता रुंदी. कंपनीच्या बहुतेक गाड्या सहा गुंड्या, म्हणजे 48 मिलिमीटर रुंद. खरी गाडी 2.8 मीटर रुंद धरली तर हे प्रमाण 1:58 च्या आसपास येतं. म्हणून बरेच हौशी लोक आठ गुंड्यांची गाडी बांधतात, ती 1:44 पडते. ड्रायव्हर म्हणून बसवायचा बाहुला चार सेंटिमीटर उंच, म्हणजे साधारण 1:42. पण हातांसकट त्याची रुंदी त्याच प्रमाणात मोजली तर तो जवळपास एक मीटर रुंद निघतो! एकाच गाडीत इतकी वेगवेगळी प्रमाणं, आणि तरी बघणाऱ्याला ती खटकत नाहीत.

खरी गंमत वळणावर आहे. लेगोच्या नेहमीच्या वळणाची त्रिज्या 40 गुंड्या, म्हणजे 32 सेंटिमीटर. 1:44 ने वाढवली तर 14 मीटर. टेंडरसह फ्लाइंग स्कॉट्समन एकवीस मीटरच्या आसपास लांब आहे! इंजिनापेक्षा वळणाची त्रिज्याच लहान. आपल्या ब्रॉडगेजवर 175 मीटरपेक्षा कमी त्रिज्येचं वळण चालत नाही. तेच 1:44 ने करायचं तर त्रिज्या चार मीटर होईल, म्हणजे पूर्ण गोलाला आठ मीटरची खोली लागेल. माझी हॉस्टेलची खोली तीन मीटरची आहे.

मग ‘एमरल्ड नाइट’ वळते कशी? मोठ्या चाकांच्या तीन जोड्यांपैकी मधल्या जोडीला फ्लँजच नाही, म्हणजे चाकाला रुळावर धरून ठेवणारी आतली कड नाही. वळणावर ती जोडी रुळावरून आडवी सरकते. समोरून बघाल तर कळतही नाही. मला या संचातला हा सगळ्यात चांगला निर्णय वाटतो. आणि ही नुसती खेळण्यातली पळवाट नाही. ब्रिटिश रेल्वेच्या 9एफ वर्गाच्या पाच जोड्यांच्या इंजिनांत मधली जोडी खरोखरच बिनफ्लँजची होती, याच कारणासाठी.

जिथे संच कमी पडतो तेही सांगते. स्कॉट्समनला तीन सिलिंडर आहेत. तिसरा दोन चौकटींच्या मध्ये लपलेला, आणि त्याच्या झडपेची हालचाल बाहेरच्या दोन झडपांच्या हालचालीतून तरफांनी काढलेली. ग्रेस्लीची ही करामत त्या इंजिनाचा जीव आहे. लेगोत तिचा मागमूस नाही. त्या पोटात दातेरी चाकांची जागा आहे, कारण मोटर बसवायची सोय ठेवायची होती (मोटर वेगळी विकत घ्यायची, हे मला आजही पटत नाही). बाहेरच्या दांड्या छान फिरतात, पण चाकं दांड्यांना फिरवतात, दांड्या चाकांना नाही. कार्यकारणच उलटं. डबा तर खऱ्याच्या मानाने बराच आखूड आहे. पण तो उघडपणे आखूड आहे, त्यामुळे त्यावर माझा राग नाही.

उघडपणे, हा शब्द मला टोचला. माझं काम सच्छिद्र बेसाल्टमधून पाणी कसं झिरपतं याच्या संगणकीय मॉडेलचं आहे. तेही चौकोनी जाळीवर. तिरक्या भेगेला जाळी पायऱ्या पाडते, म्हणून मी एक दुरुस्तीचा गुणक घातला होता. तो घातला की आलेख मोजमापांवर छान बसायचा. प्रोग्रेस सेमिनारमध्ये एका परीक्षकांनी विचारलं, ‘हा आकडा आला कुठून?’ मी ‘कॅलिब्रेशन’ म्हणाले आणि पुढची स्लाइड लावली. खरं म्हणजे तो माझा बिनफ्लँजचा चाक होता. फरक एवढाच की लेगोवाल्यांनी पुस्तिकेत ते चाक कुठे बसवायचं ते चित्रासकट दाखवलंय, आणि मी माझ्या चॅप्टरमध्ये ते कुठेच दाखवलं नव्हतं.

सुट्टीनंतर गुणक काढून सगळे रन परत केले. अकरा नमुन्यांपैकी चार बसत नाहीत. त्या चारही नमुन्यांत भेगा जाळीला तिरक्या आहेत. आता चॅप्टरमध्ये दोन्ही आलेख शेजारी-शेजारी आहेत. गाइड म्हणाले, ‘अगं, सहा महिने वाढतील तुझे.’ फेलोशिप मार्चमध्ये संपते.

दरम्यान सीनियरने दुसरा प्रश्न टाकलाय. जुन्या जी.आय.पी. रेल्वेच्या घाटातल्या विजेच्या इंजिनांना आपल्याकडे ‘खेकडा’ म्हणायचे. स्विस ‘क्रोकोडाइल’च्या जातीचं, मधे केबिन आणि दोन्हीकडे वेगळी वळणारी नाकं. वळणाचं उत्तर तिथे चाकात नाही, अंगातल्या सांध्यात आहे. क्रोकोडाइलचा संच लेगोने 2020 मध्ये काढला. खेकडा आपल्यालाच बांधावा लागेल. आठ गुंड्यांत तो सांधा कुठे ठेवायचा यावर आमचं अजून भांडण चालू आहे.